बिनवापराचा रूळ

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेट्यांचे छाप. आमच्या वर्गातल्या एकीकडे तर फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांनी भरलेली बरणी आहे. पण आगगाडीचे रूळ जमवणारी माणसे जगात असतात असे मला कोणी सांगितले असते, तर मी पोट धरून हसले असते. रूळ काही खिशात घालून घरी नेता येत नाहीत! परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मला अशी माणसे प्रत्यक्ष भेटली. ज्या रुळावरून आपण गाडीत बसून गेलो तो रूळ आपल्या संग्रही जमा, असा त्यांचा हिशेब. त्यातही जो रूळ जमिनीखालच्या भुयारात आहे आणि ज्यावरून प्रवाशांना सहसा जायला मिळत नाही, तो त्यांच्या लेखी हिरा.

ही मंडळी मला भेटली न्यूयॉर्कला. ते नाव वाचून कोणी आमच्या श्रीमंतीविषयी गैरसमज करून घेऊ नये. दादा नोकरीसाठी तिकडे आहे, वहिनीचे बाळंतपण होते, आईला जाणे भाग होते आणि आईला इंग्रजी येत नाही. म्हणून दुभाषी म्हणून माझी रवानगी झाली. बाबांना रजा मिळाली नाही. खरे तर त्यांनी मागितलीच नसावी. पावसाळा तोंडावर आला की घाटातला रेल्वेचा माणूस रजेची गोष्ट काढत नाही.

दादाच्या कचेरीत एक वयस्क सहकारी होते. दर शनिवारी वही-पेन घेऊन भुयारी रेल्वेने भटकायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. "आमचे वडील रेल्वेत आहेत," एवढे दादा त्यांना कधीतरी बोलला होता. त्यामुळे रेल्वेवाल्याच्या मुलीला आपला खजिना दाखवलाच पाहिजे असे त्यांनी ठरवून टाकले. "वडील रेल्वेत आहेत" हे वाक्य मीही गेली दोन वर्षे असेच बोलत आले आहे. पुढे एक शब्द नाही. त्याविषयी पुढे सांगते.

एका शनिवारी सकाळी आम्ही कॅनॉल स्ट्रीट स्थानकावर सहा क्रमांकाच्या गाडीत चढलो. आजोबांबरोबर (मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणत होते) त्यांचे आणखी चार सोबती होते. एक जण बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता आणि माहितीत तो सर्वांचा बाप होता! वाटेत त्याने खिडकीबाहेर बोट दाखवले. अंधारातून एक ओसाड फलाट सरकन मागे गेला. वर्थ स्ट्रीट, १९६२ साली बंद झालेले स्थानक. शेजारचा प्रवासी वर्तमानपत्रातून मान वर न करता बसला होता. तो रोज तिथून जात असेल, पण त्याच्या लेखी तिथे नुसती भिंत होती.

पुढचे स्थानक ब्रुकलिन ब्रिज. तिथे गाडीचा प्रवास संपतो. शेवटचे स्थानक आल्याची सूचना झाली आणि सगळा डबा रिकामा झाला. आम्ही मात्र बसून राहिलो. मला उगीचच धडधडू लागले. आपल्याकडे शेवटच्या स्थानकानंतर गाडीत बसून राहणारा एक तर झोपलेला असतो किंवा विनातिकीट! पण तिथे या गाडीत बसून राहायला परवानगी आहे आणि वेगळे तिकीटही लागत नाही. गाडी हलली. सगळ्यांनी ठरलेल्या बाजूच्या काचांना नाके चिकटवली. कोणत्या बाजूला फलाट येतो हे त्यांना पाठ होते.

गाडी एका तीव्र वळणात शिरली आणि चाकांनी जो आक्रोश सुरू केला तो काय सांगू! गिरणीच्या पट्ट्यापासून पाटी-पेन्सिलीपर्यंतचे सगळे कर्कश आवाज एकत्र केले तरी ती सर यायची नाही. मी मोबाइलवर तो आवाज टिपून घेतला. तेवढ्यात अंधार किंचित उजळला आणि आले ते सिटी हॉल स्थानक. कमानीमागून कमानी, त्यांवर हिरव्या आणि फिक्या रंगाच्या फरश्यांची नक्षी, पितळी झुंबरे, छताला काचेची तावदाने, आणि फलाट सगळा कोयत्यासारखा वाकडा. माणूस एकही नाही. एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यातून आपण गाडीत बसून चाललो आहोत असे वाटले. मिनिटभरात ते सारे मागे गेले, गाडी वळसा पूर्ण करून पुन्हा ब्रुकलिन ब्रिजच्या दुसऱ्या फलाटाला लागली, आणि नवे प्रवासी आत चढू लागले. आम्ही कुठून आलो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

खाली उतरून बाकावर बसल्यावर आजोबांनी इतिहास सांगितला. २७ ऑक्टोबर १९०४ या दिवशी न्यूयॉर्कची पहिली भुयारी रेल्वे याच स्थानकावरून सुटली. महापौर मॅक्लेलन यांनी समारंभापुरता गाडीचा दांडा हाती घेतला तो सोडवेना. त्यांनी १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी स्वतःच हाकली! हाइन्स आणि लाफार्ज हे स्थानकाचे वास्तुशिल्पी आणि फरश्यांच्या कमानी ग्वास्ताविनो यांच्या. पण पुढे गाड्या लांब झाल्या, डब्यांना मधोमध दारे आली. वाकड्या फलाटाशी सरळ डबा उभा राहिला की दार आणि फलाट यांत धोक्याची फट पडे. शिवाय ब्रुकलिन ब्रिजचे मोठे स्थानक हाकेच्या अंतरावर. अखेर ३१ डिसेंबर १९४५ रोजी सिटी हॉल स्थानक बंद झाले. रूळ मात्र राहिला, कारण गाड्यांना वळून परतायला तो वळसा लागतोच. म्हणून स्थानक मृत आणि रूळ जिवंत अशी तिथली अवस्था आहे. १९७९ साली स्थानकाला वारसा-वास्तूचा दर्जा मिळाला आणि तिथल्या वाहतूक संग्रहालयाचे सभासद ठरावीक दिवशी आत पायी फिरूनही येतात. ते संग्रहालय तरी कुठे आहे? ब्रुकलिनमधल्या दुसऱ्या एका बंद पडलेल्या स्थानकातच!

हा नाद एकट्या न्यूयॉर्कचा नाही. लंडनचे ऑल्डविच स्थानक १९९४ साली बंद झाले; तिथेही लोक आता मार्गदर्शकाबरोबर उतरतात. लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०१३ मध्ये, चक्क वाफेचे इंजिन पुन्हा त्या बोगद्यांतून धावले. हे ऐकताना माझ्या मनात वेगळीच जुळणी झाली. लंडनची ती रेल्वे सुरू झाली १८६३ साली, आणि आमचा बोरघाटही १८६३चाच!

आजोबांना वाटले, मला हे सगळे विनोदी वाटत असेल. म्हणाले, "शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या भलत्या रुळांवरून वळवतात. तेव्हा सगळं शहर चिडतं आणि आम्ही जेवण टाकून धावतो." मग गंभीर होऊन त्यांनी साउथ फेरीची हकिकत सांगितली. तिथे १९०५ सालचे वळशावरचे जुने स्थानक होते. फलाट इतका अपुरा की पहिल्या पाच डब्यांचीच दारे उघडत. २००९ साली शेजारीच नवे स्थानक बांधून जुने बंद केले. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात समुद्र आत घुसला आणि नवे स्थानक पार बुडाले. तेव्हा कामाला आले ते जुनेच! एप्रिल २०१३ ते जून २०१७, चार वर्षांहून अधिक काळ, त्या टाकून दिलेल्या स्थानकाने शहराची चाकरी केली. "म्हणून बिनवापराच्या रुळाला हसू नये," आजोबा म्हणाले.

मी मघाचा आवाज बाबांना पाठवला होता. तिथे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. बाबा जेवून एकटेच क्वार्टरमध्ये बसलेले असणार. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"कुठं हाय गं हे? वळण लई कडक दिसतंय."

"भुयारात आहे, बाबा. तुम्हाला कसं कळलं?"

"चाक रुळाला घासतंय ना! वंगण कमी पडलं असंल. बाहेरचा रूळ आतल्या अंगानं झिजत असणार. पण गाडी हळू हाय, भ्यायचं काय नाय. रोज बघणारं कोणतरी असंलच की तिथं."

मी गप्प झाले. मी कमानी पाहिल्या, झुंबरे पाहिली. आठ हजार मैलांवरून त्या आवाजात बाबांना तिथला रूळ दिसला, आणि तो रूळ रोज बघणारा माणूस दिसला.

"काय म्हणाले वडील?" आजोबांनी विचारले. मी भाषांतर करून सांगितले. आजोबांनी लगबगीने वही उघडली. "वडील इंजिनियर आहेत वाटतं?"

इथे मला ती मागची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रथम वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी मी हॉल तिकीट घरी विसरले. ते द्यायला बाबा ड्यूटीवरून तसेच कॉलेजच्या फाटकाशी आले. अंगात नारंगी जाकीट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातांना काळे वंगण. मी धावत जाऊन तिकीट घेतले आणि त्यांना थांबूही न देता परतले. बरोबरच्या मैत्रिणीने विचारले, "कोण गं हे?" मी म्हणाले, "आमच्या ओळखीचे आहेत." बाबा चार पावलांवर होते. त्यांनी ऐकले की नाही, ते मला आजवर कळलेले नाही. त्या दिवशीचा पेपर मला चांगला गेला, याचीच मला नंतर जास्त लाज वाटत राहिली.

न्यूयॉर्कच्या त्या बाकावर मला ओळखणारे कोणी नव्हते. "रेल्वेत मोठे अधिकारी आहेत" म्हटले असते तरी खपून गेले असते. पण बाबांचे बोलणे अजून कानात होते.

"नाही," मी म्हणाले. "ते चावीवाले आहेत. रोज पहाटे निघून आपल्या हद्दीतला सारा रूळ पायी तपासतात. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची. रूळ तुटलेला दिसला तर लाल झेंडी धरून आणि रुळावर फटाके लावून गाडी थांबवायची."

ही माहिती मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी देत होते. आजोबा आणि तो मुलगा एकेक प्रश्न विचारू लागले. आमच्याकडे असा बिनवापराचा रूळ आहे का, हा अर्थातच पहिला! मग मी त्यांना बोरघाटातली कॅच सायडिंग सांगितली. सदतीस फुटांना एक फूट असा घाटाचा उतार. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती आवरायची कशी? म्हणून मुख्य मार्गाला एक फाटा काढलेला असतो. तो चढणीवर जातो आणि तिथेच संपतो. सुटलेली गाडी त्यावर चढते आणि दम लागून थांबते.

मुलाचे डोळे चमकले. "त्यावरून मला एकदा जायचंय!"

"तिथून जायला मिळू नये अशीच सगळे प्रार्थना करतात," मी म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसलो. पण मला बाबांचे एक वाक्य आठवले. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "ज्या रुळावर गाडी येतच नाही तो कशाला बघायचा?" ते म्हणाले होते, "येत नाय म्हणून तर बघायचा. ज्या दिवशी यील, त्या दिवशी तपासायला येळ नसंल." रुळावरून चाक फिरले नाही की त्याला गंज चढतो. गंज जास्त झाला की चाकाचा आणि रुळाचा विजेचा संबंध नीट जुळत नाही, आणि मग गाडी समोर उभी असूनही सिग्नलला ती दिसत नाही. हेही बाबांनीच सांगितलेले. मी ते ऐकले होते, परंतु कधी कोणाला सांगितले नव्हते. न वापरलेल्या माहितीलाही गंज चढतच असेल.

आजोबांनी वहीत तारीख घातली, सिटी हॉलच्या वळशाची नोंद केली आणि खाली बाबांचे मत लिहिले: वंगण कमी, बाहेरचा रूळ झिजत असावा, गाडी हळू आहे, भीती नाही. तिथे नाव काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी बाबांचे पूर्ण नाव अक्षर अक्षर फोडून सांगितले.

परत आल्यावर एके संध्याकाळी मी धीर करून बाबांपाशी तो फाटकाचा विषय काढला. ते हातोड्याचा दांडा घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, "हॉल तिकीट येळेत मिळालं होतं ना? मग झालं तर." ऐकले होते की नव्हते, हे त्यांनी याही वेळी कळू दिले नाही.

माझी ती मैत्रीण आमच्याच वर्गात आहे आणि हा अंक तिच्याही हाती पडेल. तिला इतकेच सांगायचे आहे. त्या दिवशी फाटकाशी आलेले गृहस्थ आमच्या ओळखीचे नव्हते. ते माझे वडील होते.

— तृतीय वर्ष कला