पंख्याखालची खडी

भुसावळच्या माणसाला खडीचं काय अप्रूप? काळ्या बेसॉल्टच्या खडीवर रूळ टेकलेले आणि त्यांवरून मालगाड्या धडधडत गेलेल्या बघतच आम्ही वाढलो. छोट्या विमानांच्या देखभालीत आलो, तेव्हा कुठे हरभऱ्याएवढ्या खड्याला भ्यायला शिकलो.

धुळे, शिरपूर, जळगाव. खानदेशात आता वैमानिक घडतात. सेसना 172 चा प्रोपेलर मिनिटाला 2700 फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी साडेनऊशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असतं. खडा कुठून उडून येत नाही, प्रोपेलरच त्याला उचलतो. विमान उभं ठेवून फेरे वाढवले, की पात्याखाली चैत्र-वैशाखातल्या वावटळीसारखा भोवरा उठतो आणि खडा वर ओढला जातो.

तो आदळला की पात्याच्या पुढच्या कडेला निक, म्हणजे बारीक खाच, पडते. दिसायला क्षुल्लक, पण सगळा ताण तिच्या तळाशी एकवटतो, तिथून तडा सरकतो. टोक तुटलं तर असमतोलाने इंजिन माउंटवरून उखडू शकतं. म्हणून उजेडात कडेवरून बोट फिरवायचं, भिंगाने पाहायचं. निक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असेल तर बारीक फाइलने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून उथळ, गुळगुळीत करायची, मग एमरी कागद, मग तड्याची तपासणी. निक तशीच ठेवून नुसता रंग फासणं मला गुन्हाच वाटतो.

अलास्कात स्की लावलेल्या विमानांनाही बर्फ विरळ झाला की खडीचाच जाच. तिथे स्कीच्या तळाला टणक प्लास्टिक बसवतात, कुणी स्कीतून चाक खाली काढता येईल अशी जोडणी वापरतं. कच्च्या धावपट्टीवर उतरणाऱ्या बोइंग 737-200 ला तर नाकचाकापाशी खडी अडवणारी फळी असते, आणि इंजिनांपुढच्या नळ्यांतून हवा सोडून तो भोवराच मोडतात.

आमच्या शिकाऊ विमानाला असलं काही नाही. त्याचं रक्षण झाडू करतो आणि वैमानिकाचा हात. इंजिनाची चाचणी झाडलेल्या काँक्रीटवरच घ्यायची. खडीवर ब्रेक दाबून थ्रॉटल उघडायचा नाही. विमान आधी चालू द्यायचं, मग सावकाश जोर वाढवायचा, म्हणजे खडे मागे फेकले जातात. मे महिन्यात डांबर मऊ होऊन कडेची कच सुटते. त्या दिवसांत मी मुलांना इंजिन सुरू करण्याआधी पुढची जागा पायी चालून बघायला लावतो. ऊन कितीही असो.