रुमाल टाकावा का?

कोल्हापूरच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल आत जातो, मग माणूस. इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनचं तसंच झालंय. फक्त रुमाल लाखाचा.

२०२५ च्या एप्रिलात ताईचा फोन आला. भाचीची बारावी झालेली, सीईटी व्हायची होती. पुण्यातलं एक खाजगी विद्यापीठ म्हणत होतं, आठ दिवसांत एक लाख भरा, कॉम्प्युटरची सीट पक्की. दाजींचं मत ठरलेलं. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला? भरून टाकू की!" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून निवाडा माझ्याकडे.

आता हिशोब बघा. सरकारी फेऱ्या, म्हणजे कॅप, सुरू होणार सीईटीच्या निकालानंतर, आणि तो लागला १६ जूनला. म्हणजे दोन महिने नुसती टांगणी. माझ्या मते ते लाख रुपये सीटचे नव्हतेच, झोपेचे होते. तीही पोरीच्या नाही, आईबापाच्या. यूजीसीने २०२४ साली बजावलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्या. कागदावर छान! पण तोवर लाख रुपये अडकवायची ऐपत नको का? दाजी पतसंस्थेचं कर्ज काढणार होते.

अमेरिकेत याचाच भाऊबंद आहे, 'अर्ली डिसिजन'. नोव्हेंबरच्या आसपास एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, घेतलं तर बाकीचे अर्ज मागे. चार कॉलेजांची आर्थिक मदत समोर ठेवून तुलना करायची सोय नाही. म्हणजे तिथंही घाई परवडते ती खिसा भरलेल्यालाच.

असो. मी म्हटलं, भरू नका. ताईने ऐकलं, दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण मंडळी, कॅपमध्येही रुमाल आहेच. २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, की सीट आपोआप 'फ्रीझ'. पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून यादी लिहिताना लोकांना काय आवडेल ते नाही, आपण कुठं राहू शकू ते लिहावं लागतं.

भाचीने वर लिहिलं वालचंद कॉम्प्युटर, मग वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, आणि सीओईपी तिसरं. दाजी उडालेच. "पुणं सोडून सांगली?"

"मामा, पहिलं मिळालं तर मागं फिरता येत नाही ना? मग मला हवं तेच वर. पुण्याला जायची हौस पप्पांना आहे, मला नाही."

दुसऱ्या फेरीत वालचंद इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. दोन नंबरचा पर्याय, म्हणजे फ्रीझ. ती खूश आहे, शनिवारी घरी येते. तिसऱ्या फेरीत कॉम्प्युटर मिळालं असतं का, हे दाजी मला अजून विचारतात.