लकडगंजाहून आजोबांच्या वावरात

मैत्रिणींनो, तुम्ही कधी नागपूरला आलात आणि आमच्या लकडगंजात शिरलात, तर पत्ता विचारायची फारशी गरज पडणार नाही. आधी कानावर आरा मशीनची घरघर येईल, मग नाकात भुश्याचा वास जाईल आणि मग रस्त्याच्या कडेला रचलेली लाकडं दिसतील. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या सागवानाचा हा जुना बाजार. 2023 साली दिल्लीत नवं संसद भवन उघडलं, त्यातलं सागवान नागपूरहून गेलेलं आहे, हे सांगताना आम्हा नागपूरकरांची मान जरा ताठ होते!

आमचे हे इथल्याच एका टालीवर हिशेब बघतात. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा. मुलीला सागाची फळी कोणती आणि सालाची कोणती हे बरोबर सांगता येतं. पण सागाचं झाड दाखव म्हटलं, की झालं! अशा मुलांना घेऊन आम्ही दरवर्षी दिवाळीत सासरी जातो. काटोलच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर सासऱ्यांचं वावर आहे. तीन एकर संत्रा, बाकी कपाशी आणि तूर.

यंदा मात्र निघताना मनावर एक ओझं होतं. सासरे एकाहत्तरचे झाले, सासूबाईंचे गुडघे दुखतात. वावर विकावं आणि दोघांनी आमच्याकडे राहायला यावं, हे आता बोलायचंच, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आमच्या दोन खोल्या आहेत खऱ्या, पण होईल की कसंतरी.

गणेशपेठच्या स्टँडवरून काटोलची एस.टी. पकडली. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तेवढीच पर्सला हलकी फोडणी! साठेक किलोमीटरचा रस्ता. कळमेश्वर मागे पडलं की दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे सुरू होतात. मुलगा खिडकीला नाक लावून बसला आणि एकदम ओरडला, "आई, झाडांनी मोजे घातले!"

सगळी बस हसली. ते मोजे म्हणजे बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांचा लेप बुंध्याला हातभर उंच लावतात. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो, त्यावरचा हा उपाय. रोग लागला की बुंध्याची साल फुटून डिंक ओघळतो, मुळं कुजतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं.

आजोबा फाट्यावर उभेच होते. "काहून बाई, येवढं सामान कायले आणलं?" हे त्यांचं ठरलेलं स्वागत. सामानाचंच म्हणाल, तर इतक्या वर्षांनी मी एक शिकले आहे. चिवड्याचे डबे कमी न्यावेत. मुलांचे जुने कपडे, पाय झाकणारे बूट, टॉर्च, तापाचं औषध आणि जीवनरक्षक साखर-मिठाच्या पुड्या आठवणीने न्याव्यात. गवतात विंचू-सापाचं भय असतं, म्हणून अनवाणी सोडू नये. विहिरीपाशी मोठ्या माणसाचा हात हातात हवाच. आणि फवारणीची औषधं जिथं ठेवतात, ती खोली पहिल्याच दिवशी मुलांना दाखवून "इकडे यायचं नाही" असं बजावावं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-मजूर दगावले, हे आपण पेपरात वाचलंच आहे. तोडलेलं संत्रंसुद्धा धुऊनच सोलू द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बगीच्यात गेलो. आंबिया बहाराची फळं रंगावर आलेली. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. आजोबा नातीला हे सगळं समजावत होते. पण विहिरीजवळच्या तुकड्यात आलो आणि माझे पाय थबकले. तिथल्या झाडांवर गेरूच्या फुल्या मारलेल्या होत्या. पानं पिवळी, फांद्यांचे शेंडे वाळलेले. मुलीने मोजली. बासष्ट.

"आजोबा, ही कापणार?"

"कापाच लागते, बाई."

"मग ही आमच्या लकडगंजला येणार?"

आजोबा हसले. "संत्र्याचं लाकूड आरा मशीनवर नाई जात बाई, चुलीत जाते."

ती बासष्ट झाडं सासूबाईंची. म्हणजे तशी सगळीच दोघांची, पण हा तुकडा त्यांनी लहानाचा मोठा केलेला. पहिल्या दोन उन्हाळ्यांत डोक्यावरून घागरी वाहून त्यांनी ती जगवली होती. 2018 साली काटोल तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला आणि 2019 च्या उन्हाळ्यात या भागातले कितीतरी बगीचे वाळले. तेव्हा टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं, ते आधी याच झाडांना. दुष्काळातून वाचलेली झाडं शेवटी डिंक्याने नेली.

"चुकी आमचीच," सासरे म्हणाले. "जमीन काळी, भारी. मोकाट पानी देत गेलो, ते बुंध्याशी साचत गेलं." मी दरवर्षी इथं येत होते, संत्री खात होते, मुलांचे फोटो काढत होते. झाडं पिवळी पडत होती ती मला दिसलीच नव्हती, आणि कुणी मला सांगितलंही नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाली. भरीत-भाकरी, ताज्या सांबाराची वडी. मुलं पेंगत होती. यांनी घसा खाकरला आणि विषय काढला. खर्च, मजुरी, पडलेले भाव. बांगलादेशने आपल्या संत्र्यावरचा कर चढवत नेल्यापासून व्यापारी हात आखडता घेतात तेही. सासरे खाली बघत ऐकत राहिले. मग सासूबाईच बोलल्या.

"तुमच्या लकडगंजात लाकडं लय हायेत, बापू. पन उभं झाड किती? मी तिथं येऊन का पाहू?"

कुणीच काही बोललं नाही. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. मी मनात आमच्या दोन खोल्या मोजल्या होत्या, पलंग कुठं बसेल तेही ठरवलं होतं. त्यांच्या दिवसभराचं काय, हा विचारच केला नव्हता. लग्न होऊन दहा वर्षं झाली. सासूला समजून घेते असं मी चारचौघीत सांगायची. त्या रात्री मला त्याची लाज वाटली.

सकाळी मी त्यांना विचारलं, "आई, मग तुमच्या मनात काय आहे?" हे आधी विचारायला हवं होतं, नाही का? त्यांच्याकडे सगळं तयार होतं. तो तुकडा या वर्षी तसाच मोकळा ठेवायचा, उन्हात तापू द्यायचा. नवी झाडं शेजारच्या कपाशीच्या एका एकरात लावायची. अठरा-वीस फुटांवर खड्डे उन्हाळ्यात खणायचे, कलमं पावसाळ्यात लावायची. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं घ्यायची, जोड जमिनीच्या वर राहील असं लावायचं आणि पाणी ठिबकने द्यायचं, बुंध्याला लागू द्यायचं नाही. नागपुरात 1985 पासून लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथून माहिती आणायचं काम त्यांनी यांच्यावर सोपवलं. "घरी बसून हिशेब करतच असते, तर हाही कर म्हना," असं मलाच म्हणाल्या!

मुलांना त्यांनी खुंट्या ठोकायला बसवलं. आजोबा दोरी धरून अंतर मोजत, मुलगी खुंटी धरी आणि मुलगा दगडाने ठोकी. बोटावर एकदा बसलाच दगड. रडून झालं, पुन्हा ठोकू लागला. मोबाईल दिवसभर कुणी मागितला नाही.

"आजोबा, याला संत्री कधी येणार?"

"लावल्यावर पाच-सहा वर्सानं."

मुलीने बोटं मोजली. "तेव्हा मी नववीत असेन!"

"आन् मी सत्याहत्तरचा," आजोबा म्हणाले आणि पुढच्या खुंटीकडे वळले.

मैत्रिणींनो, वावर विकायचं की नाही हा प्रश्न सुटलेला नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतातच, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर आम्ही साठ किलोमीटर लांब. त्यावर एवढंच ठरलं, की आता वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला आमच्यापैकी एक जण जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांसह महिनाभर राहीन. स्वयंपाकघर त्यांचं, हात माझे. तुम्हीही मुलांना आजी-आजोबांकडे न्याल तेव्हा त्यांना पाहुणे करून बसवू नका, हाती काहीतरी काम द्या. आणि म्हाताऱ्या माणसांचं आपणच ठरवून टाकण्याआधी त्यांना एकदा विचारा.

परत आल्यावर कळमन्याच्या बाजाराकडे जाणारे संत्र्यांचे ट्रक रस्त्यात दिसले. मुलगा म्हणाला, "आजोबांचे!" नव्हते ते. पण मी "हो" म्हटलं. मुलगी मात्र घरी येईस्तोवर आमच्या गल्लीतली उभी झाडं मोजत होती. चार भरली.