रुमालाखालची किंमत

डेअरीतलं संध्याकाळचं दूध संकलन साडेसातला आटोपतं. कॅन गाडीत चढले, फरशी धुऊन झाली की फॅट मशिनशेजारी त्याच टेबलावर अर्थशास्त्राचं पुस्तक उघडतो. हाताला दुधाचा वास असतो, तो पानांनाही लागलाय. बारावी होऊन एकोणीस वर्षं झाली.

*

सगळ्यात जड गेलं ते लिहिणं. डेअरीत दिवसभर लिहितो, पण आकडे: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक). सलग दोन पानं लिहायला घेतली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आठवीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, पेन किती दाबून धरता!" आता रोज झोपायच्या आधी एक उत्तर लिहून काढतो. र्‍हस्वदीर्घ ती तपासते.

*

मी शिकतो ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झालं. पुस्तकं घरी वाचायची आणि संपर्क सत्राला अभ्यासकेंद्रावर जायचं. शिकवणाऱ्यांना तिथे समंत्रक म्हणतात. आमच्या बाकांवर अंगणवाडीच्या ताई आहेत, एसटीचे एक वाहक आहेत. कारखान्यातला एकजण गाळप हंगामात रात्रपाळी करून तसाच येतो. पेंगतो, पण सत्र बुडवत नाही. त्याला कुणी हसत नाही. सगळ्यांनाच ती झोप ठाऊक आहे.

*

संसारात पडून शिकणारे आम्हीच पहिले नाही. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे नगरला फरारबाईंच्या शाळेत घेतले, तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. पुढे 1855 मध्ये फुले दांपत्यानं दिवसभर राबणाऱ्यांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली. ते साल वाचून मी थबकलो. शाळेची वेळ कामकऱ्याच्या सोयीनं ठरवावी, हे पुण्यात तेव्हा कुणीतरी करून दाखवलं होतं. माझं वय कधीच आड आलं नाही, वेळ आली. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, या दोन्ही वेळांना गाई थांबत नाहीत.

*

पूर्ण स्पर्धेचा धडा. पुष्कळ विक्रेते, पुष्कळ ग्राहक, सगळा माल एकसारखा, किमतीची माहिती सर्वांना.

शनिवारी काष्टीचा जनावरांचा बाजार असतो. लहानपणापासून बघतोय, पण या वेळी पुस्तक डोक्यात ठेवून गेलो. विक्रेते पुष्कळ, ग्राहक पुष्कळ, तिथपर्यंत जमलं. पुढे जमेना. एका दावणीच्या दोन गाईसुद्धा सारख्या नसतात. कुणी कास चाचपतो, कुणी दात बघतो, कुणी चार पावलं चालवून पाहतो. आणि किंमत? दोघं हातावर रुमाल टाकतात, आत बोटं धरतात. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. सौदा दोन बोटांवर अडला की एकाचा हात झटकन बाहेर येतो. मिनिटभरानं तोच हात पुन्हा रुमालाखाली जातो.

दुधाचं उलटं. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफला अमुक दर, तक्ता भिंतीवर लावलेला. माल मापून एकसारखा केला, माहिती सगळ्यांना आहे. पण दर ठरवताना दूधवाल्याचा हात रुमालाखाली कुठेच नसतो. हे मी रोज पावत्या फाडताना बघत होतो. त्याला शब्द पुस्तकानं दिले, म्हणून पुस्तकाचं मोल वाटतं.

*

2022 मध्ये जनावरांत लंपीची साथ आली आणि बाजार बंद झाले. तेव्हा आमच्या वस्तीवर एकच व्यापारी यायचा. तो सांगेल ती किंमत. चुलत्यांनी एक गाय तशीच दिली, दोन दिवस जेवले नाहीत. गृहपाठात ‘एकच खरेदीदार’ या मुद्द्याला हे उदाहरण लिहिलं, चुलत्यांचं नाव न घालता. लिहिताना दोनदा थांबावं लागलं.

*

दूध घालायला येणारे एक तात्या आहेत, सत्तरीच्या पुढचे. काल टेबलावरचं पुस्तक बघून म्हणाले, "किंमत कशी ठरती ते लिवलंय व्हय? वाच बरं." मागणी, पुरवठा, समतोल किंमत, सगळं वाचून दाखवलं. किटली खाली ठेवून त्यांनी मन लावून ऐकलं.

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "पण येताचं काय नाय त्यात. तिसऱ्या येताची गाय आन् सातव्या येताची, एका भावात जाईल का?"

समासात पेन्सिलीनं लिहिलं: वेत, म्हणजे गाय कितव्यांदा व्याली ते. समंत्रकांना विचारणे.