घंटा कुणी आणली?

यंदा द्वितीय वर्षाच्या मुलांकडून मी प्रकल्पाच्या फायली घेतल्या नाहीत. मेणवली गावावर सगळ्यांनी मिळून मराठी विकिपीडियावर लिहा, एवढंच सांगितलं. वाई आमच्या कॉलेजपासून जवळच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथूनच मराठी विश्वकोशाचं काम चालवलं. तरी कोशातली नोंद तयार कशी होते, हे आमच्या मुलांना कुणी कधी दाखवलेलं नव्हतं.

अडलं ते खाती काढतानाच. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात. खोडसाळपणा रोखण्यासाठीचा हा नियम संगणक कक्षाला भारी पडतो. उरलेल्यांनी घरून खाती काढली. मग काही तास ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर सराव.

पानावर पहिल्यांदा काय आलं असेल, तर ‘स्वदेस’ चित्रपटाचं तिथलं शूटिंग! त्यानंतर घंटा. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर पोर्तुगीजांच्या वेळची मोठी घंटा टांगलेली आहे. एकानं लिहिलं, ‘वसईची लढाई जिंकून नाना फडणवीसांनी ही घंटा आणली.’ एका मुलीनं वाक्य काढून टाकलं. त्यानं परत घातलं, तिनं परत काढलं. एका बाकाआड बसणारी ही दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ‘भांडायचं तर चर्चा पानावर भांडा,’ म्हटलं. तिथं तिनं एवढंच लिहिलं: वसई चिमाजीअप्पांनी घेतली १७३९ साली, नानांचा जन्म १७४२चा.

‘मग मी वाचलं तिथं असं कसं छापलंय?’ हा त्याचा प्रश्न. मला तो फार आवडला. दोघं ग्रंथालयात जाऊन बसली. घंटा वसईहून आल्याचं पानावर राहिलं. पण मेणवलीत ती नक्की कुणी टांगली याचा भक्कम संदर्भ हाती लागेना, तेव्हा तेवढं त्यांनी गाळलं. परीक्षेच्या पेपरात असं गाळायची हिंमत कुणी केली नसती.

एकाचा वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उचललेला परिच्छेद कुणा अनोळखी संपादकानं उडवला. ‘मॅडम, माझं पुसलं!’ ‘तुझं नव्हतंच ते,’ शेजारच्यानं परस्पर सांगून टाकलं.

गुण देताना मी पानाचा ‘इतिहास’ उघडला. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथं नाव आणि वेळेसकट दिसतं. ‘आम्ही सर्वांनी मिळून केलं’ म्हणणाऱ्या गटात एकाची सगळी संपादनं आदल्या रात्रीची निघाली. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीचा स्वतःचा परिच्छेद एकही नव्हता, पण वेलांट्या, तुटके दुवे, सुटलेले संदर्भ तिनंच नीट केले होते. आमच्या गुणतक्त्यात मुखपृष्ठाला गुण आहेत, दुरुस्तीला रकाना नाही. तिचे गुण मी ‘सादरीकरण’खाली घातले, आणि समन्वयकांनी कारण विचारल्यावर त्यांना इतिहासाचं पानच उघडून दिलं.