ट्रेलर उंचावला

डेन्व्हर, रविवार. मुक्कामासाठी सजवायला घेतलेल्या ५ बाय ८ फुटांच्या मालवाहू ट्रेलरचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर होता, तो आज खाली घेतला. बरीच उंची मिळाली. मोआबच्या खडकाळ वाटांवर आता पोट घासायला नको.

माझा जीव मात्र वजनात अडकलाय. एकूण भारापैकी १० ते १५ टक्के गाडीच्या हुकवर यायलाच हवा. कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. म्हणून पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे. आधी गादी-पडदे घेणं मला पटतच नाही.

थंडीत श्वासाच्या वाफेने पत्र्याला आतून घाम फुटतो, त्यासाठी भिंतींना फोमचे तक्ते, छताला पंखा. मागच्या दाराशी शेगडी. आईला तिथे उभ्याने पोहे परतता यावेत, म्हणून ओट्याची उंची तिलाच फोनवर विचारली.