समोर बसून ऐकावे

पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून चँडलरमध्ये कुणी प्रवासी, लेखक बोलायला आला की मी पुढच्याच खुर्चीत बसते.

ही सवय मराठी माणसाला जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १८८० पासून आपले बेने इस्राएल लोक मराठी कीर्तनांतून अब्राहाम, योसेफ यांच्या कथा ऐकू लागले. नवगावजवळ गलबत फुटल्याची कथाही कागदावर येण्याआधी तोंडोतोंडीच टिकली.

मुलांनो, प्रवासी तुमच्या घरातही आहेत. कोकणातून मुंबई, तिथून इथवर कसे आलात, ते आजी-आजोबांना विचारा. आम्ही सत्तरी ओलांडली आहे. माणूस समोर आहे तोवरच विचारा. आणि मराठीत विचारा, म्हणजे उत्तरही मराठीतच मिळेल.